कंदिलाच्या काचा पुसणारे गुरुजी



‘श्यामची आई’ आपण सर्वांनी वाचली आहे. या महिन्याच्या अभ्यासासाठी मात्र शिक्षक साने गुरुजींकडे पाहू. १९२४ साली ते खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे शाळेचे छात्रालयही त्यांनी सांभाळले. खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. स्वतः केर काढत, कपड्यांच्या घड्या करत, कंदिलाच्या काचा पुसत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. आधी मुले ओशाळली, मग आपणहून कामे करू लागली.

ही गोष्ट शिस्तीची म्हणून सांगतात. मला तीत दुसरेच दिसते. ज्याने आपले धोतर घडी करून ठेवले, त्याच्याशी मुलगा मनातले बोलतो. गुरुजींनी स्वतः औंधला शिकताना पोटाचे हाल सोसले होते, १९१७ साली आई गमावली होती. दुःख गिळून वर्गात बसणे त्यांना ठाऊक होते.

आपल्या पार्सिपनीत मुलाला स्वतंत्र खोली असते, आणि तिचे दार बंद असते. वडिलांची नोकरी गेली तर एच-वन व्हिसावर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. मोठी माणसे हळू बोलतात, पण मुलाला सारे ऐकू येते. दुसऱ्या दिवशी ते तसेच शाळेत जाते. कुणाला जेवणाच्या टेबलावर कोणी शेजारी बसवत नाही. गुण घसरले की आपण फक्त गुणांबद्दलच विचारतो.

दुपारी स्कूलबस येते तेव्हा घरी बहुधा आजी-आजोबाच असतात. दारातच “आज काय झालं?” असे विचारू नका. पोह्यांची बशी पुढे ठेवा आणि जवळ बसा. नातवंडाचे मराठी तोकडे, आपले इंग्रजी तोकडे, चालते. ते बोलू लागले तर “आमच्या वेळी” हे दोन शब्द गिळावेत. (मला स्वतःला हे अजून पुरते जमलेले नाही.) ऐकलेले भजनी मंडळात सांगू नये. आई-बाबांना सांगायचे असेल तर आधी मुलालाच तसे सांगावे. आई-बाबांनी शाळेच्या कौन्सेलरची वेळ घ्यावी. इंग्रजीची अडचण असेल तर शाळेकडे दुभाषी मागता येतो.

एका बाबतीत गुपित पाळायचे नाही. “जगावंसं वाटत नाही” असे मूल म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका. ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस फोन किंवा मेसेज करता येतो. न्यू जर्सीतील १० ते २४ वयाच्या मुलांसाठी ‘सेकंड फ्लोअर’ हेल्पलाइन आहे: ८८८-२२२-२२२८. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९११. हे क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावेत.

विनंती: मंदिराच्या खालच्या सभागृहात शनिवारी मुले गृहपाठाला बसतात. त्यांच्याजवळ दोन तास नुसते बसतील असे आजी-आजोबा हवे आहेत. गणित येण्याची अट नाही. मुलांच्या खाऊसाठी शिधाही स्वीकारला जाईल. नावे आरतीनंतर कार्यालयात द्यावीत. गाडीची सोय नसलेल्यांनी तसे सांगावे, नेण्या-आणण्याची व्यवस्था करू.