दर्याला कुंपण

देवराईतले लाकूड चुलीत घालू नये, हे कोकणात लहान मुलालाही सांगावे लागत नाही. तोडण्याची गोष्ट दूरच, वाळून पडलेली फांदीसुद्धा कोणी उचलत नाही. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी राईतली सावली आणि ओल टिकून राहते. जमिनीवर हे शहाणपण आपल्या पूर्वजांना सुचले. समुद्रातही अशी एखादी राई राखावी असे म्हटले, की मात्र आम्हां मच्छीमारांच्या घरांतून एकच प्रश्न येतो : दर्याला कुंपण कोण घालणार, आणि ते राखणार कोण?

हा प्रश्न ऐकतच मी लहानाची मोठी झाले. माझे आजोबा मालवणच्या किनाऱ्यावर रापणीला जात. बाबांची लहानशी होडी आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात सरांनी ‘सामाईक संपत्ती’ हा विषय शिकविला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा दर्याच उभा राहिला. जे सर्वांचे असते ते कोणाचेच राहत नाही, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी हात मारू पाहतो. यावर उपाय म्हणून जगभर ‘सागरी संरक्षित क्षेत्रे’ राखली जातात. ती खरोखर उपयोगी पडतात का, आणि पडत असतील तर कोणत्या अटीवर, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम प्रवाळाविषयी थोडेसे. अंगठीतले पोवळे आपण रत्न म्हणून ओळखतो, पण प्रवाळ हा दगडही नाही आणि वनस्पतीही नाही. तो अगदी लहान प्राणी आहे. खडक बांधणाऱ्या जातींचे असे लक्षावधी जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. सूर्यप्रकाशावर ते अन्न तयार करते आणि प्रवाळाला त्याचा वाटा देते. पिढ्यान्‌पिढ्या ही घरे एकावर एक चढत जाऊन प्रवाळभित्ती तयार होते. तिच्या कपारींत मासे लपतात, चरतात आणि वाढतात.

मासे प्रवाळाच्या आश्रयाने राहतात हे खरे, पण प्रवाळालाही माशांची गरज असते. खडकावर वाढणारे मोठे शेवाळ काही जातींचे मासे सतत खात असतात. हे मासेच जाळ्यात गेले तर शेवाळ माजते आणि नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा उरत नाही. म्हणून मासे राखणे आणि प्रवाळ राखणे ही दोन कामे नसून एकच काम आहे.

संरक्षित क्षेत्राचा सर्वांत कडक प्रकार म्हणजे जेथे मासेमारी पूर्णपणे बंद असते ते क्षेत्र. तेथे माशाला म्हातारे होण्याची संधी मिळते. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते. त्यामुळे गोबऱ्याची किंवा तांबोशीची एक मोठी मादी जितकी अंडी घालते, तितकी अनेक लहान माद्या मिळूनही घालू शकत नाहीत. ही अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर हद्दीबाहेर जातात. शिवाय आत गर्दी झाली की मोठे मासेही बाहेर सरकतात. म्हणजे बंद ठेवलेला तुकडा हा बँकेतल्या मुदत ठेवीसारखा असतो. मुद्दल आत राहते आणि व्याज बाहेरच्या जाळ्यात येते.

हे नुसते पुस्तकी गणित आहे काय? याचे उत्तर फिलिपीन्समधील दोन छोट्या बेटांनी दिले आहे. तेथील सिलिमन विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोन बेटाच्या प्रवाळभित्तीचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीसाठी बंद करण्यात आला. सुमारे दहा वर्षे ही बंदी टिकली. पुढे स्थानिक राजकारण बदलले, १९८४ मध्ये बंदी मोडली आणि राखलेल्या भागातही जाळी व स्फोटके पोहोचली. आता मासेमारीला अधिक जागा मिळाली, तेव्हा उत्पन्न वाढायला हवे होते. घडले उलटेच. दोन वर्षांच्या आत बेटावरचे एकूण उत्पन्न निम्म्याहून खाली आले! राखीव चौथाई बाकीच्या तीन चौथाईला पोसत होती, हे ती मोडल्यावर कळले.

दुसरे बेट आपो. हे बेट एक चौरस किलोमीटरही भरत नाही. अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे आधी हुकूम आणला नाही. ते काही वर्षे बेटावरच्या कोळ्यांशी बोलत राहिले. १९८२ मध्ये गावाने आपल्या प्रवाळभित्तीचा सुमारे दहावा भाग स्वतःच बंद केला आणि राखणीलाही गावकरीच उभे राहिले. पुढील सुमारे अठरा वर्षांत राखीव भागातील दोन महत्त्वाच्या कुळांच्या माशांचे वजन जवळजवळ तिप्पट झाले. बाहेर गळ टाकणाऱ्यांनाही पूर्वीपेक्षा चांगला मासा मिळू लागला. पाण्याखालचे जग पाहायला पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्या शुल्काचे उत्पन्न सुरू झाले. अल्काला यांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दोन्ही बेटांचा समुद्र एकच, प्रवाळ त्याच जातींचे, शास्त्रज्ञही तेच. फरक होता तो राखणदारांत.

आता आपल्या दारात येऊ. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौ. कि. मी. असून त्यातील सुमारे ३ चौ. कि. मी. गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी येत असल्याने लक्षद्वीपसारख्या विस्तीर्ण प्रवाळभित्ती येथे नाहीत. पण किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळाच्या वस्त्या आहेत. २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे.

परंतु घोषणा झाली आणि मच्छीमारांनी विरोध केला. आजोबा त्या विरोधात होते. “आमच्याच दर्यात आमकाच बंदी?” हे त्यांचे वाक्य घरात आजही पाठ आहे. अभयारण्य कागदावर राहिले. मात्र त्यामुळे दर्या मच्छीमारांचा झाला असे नाही. पर्ससीनची मोठी जाळी आली, प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या नौका आल्या आणि रापणीच्या वाट्याला येणारा मासा घटत गेला. किल्ल्याजवळ पर्यटकांच्या होड्या वाढल्या. त्यांचे नांगर आणि नवख्या पोहणाऱ्यांचे पाय कुठे पडतात, हे पाहायला तेथे कोणीच नसते. आम्ही कुंपणाला घाबरलो आणि बिनकुंपणाच्या शेतात दुसरेच शिरले.

संरक्षित क्षेत्र हा सर्व रोगांवर एकच उपाय नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरांतील वादळांनी आपोच्या राखीव भागातील प्रवाळ उद्ध्वस्त केले. पाणी फार तापले तर प्रवाळ आतले शैवाल गमावून पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी चौथी जागतिक आपत्ती जाहीर केली. तापलेल्या पाण्याला हद्दीचा दगड अडवीत नाही. तरीही, आजाऱ्याला उपाशी ठेवले नाही तर तो दुखणे अधिक सोसतो, तसेच येथेही आहे. शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील तर नुकसान झालेल्या खडकावर प्रवाळ पुन्हा वाढण्याची आशा राहते.

बंदी ही गोष्ट आम्हांला मुळीच परकी नाही. पावसाळ्यात मासा अंड्यांवर असतो म्हणून दर्यात जायचे नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटायची, हा नियम कायद्यापेक्षा जुना आहे. आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी आहे ती त्याच धर्तीवर. काळाची बंदी आम्ही पाळतो, राईच्या रूपाने जागेची बंदीही पाळतो. समुद्रातली जागा तेवढी राखायची राहिली आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी आजोबांना आपो बेटाची हकिकत वाचून दाखविली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तेंका कोणीतरी इचारलां, बाय. आमका कोण इचारूक इल्लो?”

मला वाटते, या विषयावरची कोणतीही योजना याच प्रश्नापासून सुरू व्हावी. कोणता खडक किती वर्षे बंद ठेवायचा, तोवर ज्याचे पोट त्यावर आहे त्याने काय खायचे, आणि परक्या नौकेला अडविण्याचा अधिकार कोणाला, हे मच्छीमारांच्या बैठकीत ठरले पाहिजे. पण प्रश्न विचारला गेला, तर उत्तर देण्याची जबाबदारी आमचीही आहे. मी तोच प्रश्न उलटून आजोबांना विचारला : “आणि कोणी विचारायला आले, तर कोणता खडक सोडाल?”

त्यांनी लगेच एका खडकाचे नाव घेतले. लहानपणी ते तेथेच गळ टाकायला शिकले होते.