ऊर्जा क्षेत्रातील व्यवस्थापन सल्लागार : पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी एक वाट

वीज आणि इंधनाशी संबंध असलेल्या संस्थांना मोठे निर्णय घेताना आकडेमोड, कायदा आणि कामाची पद्धत या तिन्ही बाबतींत मदत करणारा माणूस म्हणजे ऊर्जा क्षेत्रातील व्यवस्थापन सल्लागार. कारखान्याने सौर प्रकल्प स्वतः उभारावा की बाहेरून सौर वीज घ्यावी, वीज कंपनीने पुढच्या दहा वर्षांची वीज कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यावी, महापालिकेच्या परिवहन सेवेने ई-बस विकत घ्याव्यात की भाड्याने चालवाव्यात, अशा प्रश्नांवर तो काम करतो. निर्णय शेवटी संस्थेचाच असतो. मात्र तो निर्णय पंचवीस वर्षे पाठीशी राहणारा असेल, तर करारावर सही होण्यापूर्वी कोणीतरी त्याचे प्रत्येक कलम आणि प्रत्येक आकडा तपासून पाहिलेला असावा लागतो.

महाराष्ट्रात हा व्यवसाय वाढला तो कायद्यांमुळे. पूर्वी वीज तयार करण्यापासून बिल वसूल करण्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागात सगळे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच पाहत असे आणि दरही सरकारच्या संमतीने तेच ठरवी. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, २००३ मध्ये नवा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. आयोग आल्यापासून दरवाढ हवी असेल तर कंपनीला आयोगापुढे याचिका मांडावी लागते. वीज खरेदीचा खर्च, गळती, थकबाकी, गुंतवणूक या सगळ्यांचा हिशेब पुराव्यानिशी द्यावा लागतो. याचिका तयार करायला सल्लागार लागतात, ती तपासायला आयोगही सल्लागार नेमतो आणि तिला हरकत घेणाऱ्या उद्योगांनाही जाणकार हवे असतात.

चुकीच्या कराराची किंमत किती असते, हे राज्याने दाभोळ प्रकल्पात पाहिले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदी करार केला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, तोही मोठ्या प्रमाणात डॉलरच्या दराशी बांधलेला, असे त्या कराराचे स्वरूप होते. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने या कराराचे आर्थिक विश्लेषण नव्वदच्या दशकातच लोकांपुढे ठेवले होते. त्या गटाच्या संस्थापकांपैकी एक, आयआयटी मुंबईत शिकलेले गिरीश संत, २०१२ मध्ये अकाली गेले. पण त्या गटाचे काम आजही आयोगापुढे आणि धोरणकर्त्यांपुढे वजनदार मानले जाते. प्रयास ही ना-नफा संशोधन संस्था आहे, सल्लागार कंपनी नव्हे. तरीही या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तिचे अहवाल जरूर वाचावेत. किचकट करार सामान्य वाचकाला समजेल असा मांडण्याचा इतका चांगला नमुना जवळपास दुसरा नाही.

आता बदल अधिक वेगाने होत आहेत. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या प्रवेशाची, म्हणजे ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची, मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे मध्यम आकाराचा कारखानाही महावितरणऐवजी दुसऱ्या पुरवठादाराकडून हरित वीज घेऊ शकतो. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. प्रत्येक नव्या नियमाबरोबर नवे प्रश्न येतात आणि ते सोडवणाऱ्यांची गरज वाढते.

या कामाचे स्वरूप एका उदाहरणातून पाहता येईल. चाकण किंवा भोसरीतला एक ओतकाम कारखाना घेऊ. त्याच्या विद्युत भट्ट्या वर्षानुवर्षे रात्रपाळीत चालतात, कारण रात्रीच्या विजेला सवलत होती. मालकांना पाच मेगावॅटच्या सौर प्रकल्पात ‘ग्रुप कॅप्टिव्ह’ पद्धतीने, म्हणजे वीज वापरणाऱ्यांच्या सामाईक मालकीत, भागीदारी घ्यायची आहे. सल्लागार कंपनीत नव्याने लागलेल्या मुलाला पहिले काम मिळते ते बारा महिन्यांची वीजबिले उलगडण्याचे. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी प्रत्येक ओळ एक्सेलमध्ये वेगळी मांडायची. मग महाराष्ट्रातल्या उन्हात पाच मेगावॅटमधून वर्षाला साधारण ७५ ते ८० लाख युनिट निघतील, हे धरायचे. कायद्यानुसार कॅप्टिव्ह दर्जासाठी वापरणाऱ्यांची भागभांडवलात किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या उत्पादनापैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी स्वतः वापरायला हवी. म्हणजे ८० लाखांपैकी ४० लाख ८० हजार युनिट. मंदीत भट्ट्या चार महिने थंड राहिल्या आणि वापर त्याखाली गेला, तर त्या वर्षापुरता कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि बाहेरून वीज घेणाऱ्यांना लागणारा क्रॉस सबसिडी अधिभार डोक्यावर बसतो. कागदावर दिसणारी बचत तिथेच संपू शकते.

शिवाय सौर वीज दुपारी येते आणि भट्टी रात्री चालते. दरांचा कलही आता रात्रीकडून दुपारच्या सौर तासांकडे सरकतो आहे. तेव्हा पाळ्याच बदलाव्यात का, हा प्रश्न पुढे येतो. तो एक्सेलमध्ये सुटत नाही. त्यासाठी उत्पादन विभागाच्या प्रमुखाशी, कामगार संघटनेशी, भट्टीवरच्या मिस्त्रीशी बोलावे लागते. चांगला सल्लागार ओळखू येतो तो इथे.

साखर कारखानदारी हा पश्चिम महाराष्ट्रातला दुसरा मोठा ग्राहक. उसाच्या चिपाडावर सहवीजनिर्मिती, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल, असे कारखान्यांचे उत्पन्न आता अनेक वाटांनी येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरते उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले आणि कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांची गणिते विस्कटली. धोरण बदलले तर काय होईल, याचा हिशेब आधीच मांडून ठेवणारा अहवाल किती मोलाचा असतो, हे तेव्हा कळले. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि आसवनी तंत्रज्ञानातली प्राज इंडस्ट्रीज ही दोन्ही पुण्याचीच असल्याने या विषयाचे जाणकार शहरात भेटतात.

तिसरे क्षेत्र शेतीच्या विजेचे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. खासगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरवले आहे. इथे सातबारा वाचता येणे, गायरानाचा वाद समजणे, ग्रामसभेत उभे राहून मराठीत उत्तर देता येणे ही कौशल्ये ठरतात. टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला तो पुणे जिल्ह्यातच. विजेचा प्रकल्प जमिनीवर उभा राहतो आणि त्या जमिनीवर माणसे असतात, हे इथल्या मुलांना वेगळे शिकवावे लागू नये. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी अहवालाची धास्ती घेऊ नये. इंग्रजी लेखन दोन वर्षांच्या सरावाने जमते, गावाशी बोलण्याची सवय मात्र शहरी कार्यालयात बसून लागत नाही.

काम देणाऱ्यांमध्ये आंतरराष्ट्रीय कंपन्या, वीज नियमनात मुरलेल्या मुंबई-ठाण्याच्या छोट्या कंपन्या आणि पुण्याच्या संस्था असे सगळेच येतात. शिवाजीनगरची ‘मिटकॉन’ ही वित्तसंस्थांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये स्थापन झालेली सल्लागार कंपनी. राज्य सरकारच्या ‘महाऊर्जा’ या संस्थेचे मुख्यालयही पुण्यात आहे. थरमॅक्स आणि सुझलॉनसारख्या उद्योगांच्या स्वतःच्या नियोजन विभागांतही याच प्रकारचे काम चालते. मोठ्या नावाच्या कंपनीत पगार अधिक मिळतो. पण पहिली दोन वर्षे सादरीकरणाच्या स्लाइड नीट करण्यातही जाऊ शकतात. छोट्या कंपनीत पगार कमी, मात्र पहिल्याच वर्षी आयोगाच्या सुनावणीला बसायला मिळते. शिकण्याच्या दृष्टीने दुसरा पर्याय बहुतेकदा सरस ठरतो.

शिक्षणाची वाट एकच नाही. विद्युत, यंत्र किंवा रसायन शाखेतली अभियांत्रिकी पदवी हा नेहमीचा पाया. सीओईपी हे त्यासाठी पुण्यातले सर्वांत जुने ठिकाण. गोखले अर्थशास्त्र संस्थेतून अर्थशास्त्र शिकलेले, सनदी लेखापाल आणि कायद्याचे पदवीधरही येथे लागतात, कारण वीजदराचे काम जितके तंत्राचे तितकेच हिशेबाचे आणि कायद्याचे आहे. आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी कॅट, सिम्बायोसिसची स्नॅप आणि राज्याची एमबीए सीईटी या परीक्षा आहेत.

पदवीनंतर लगेच मोठे कर्ज काढून एमबीए करू नये. आधी दोन-तीन वर्षे कारखान्यात, सौर कंपनीत किंवा महावितरणमध्ये काम करावे. उपकेंद्र, मीटर, ट्रान्सफॉर्मर जवळून पाहिलेल्याच्या सल्ल्याला ग्राहक किंमत देतो. त्या अनुभवावर पुढे ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षाही देता येते. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर, ऊर्जा लेखापरीक्षकासाठी चौथा. अभियंत्याला त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांना लेखापरीक्षण बंधनकारक असल्याने या प्रमाणपत्राला कायम मागणी आहे.

पालकांची मुख्य काळजी स्थैर्याची असते आणि ती रास्त आहे. सल्लागारी ही कायमच्या एका टेबलाची नोकरी नाही. प्रवास असतो, निविदा हातची गेली की चमू विखुरतो, याचिकेच्या मुदतीपूर्वी रात्री जागाव्या लागतात. मुलगा किंवा मुलगी चंद्रपूरच्या वीज केंद्रावर किंवा धुळ्याच्या सौर प्रकल्पावर चार-चार दिवस राहील, याची घरच्यांनी तयारी ठेवावी. मात्र या कामात मिळालेले ज्ञान वाया जात नाही. सल्लागारीतून बाहेर पडलेले लोक बँकांच्या प्रकल्प कर्ज विभागात, वीज कंपन्यांत, नियामक आयोगांत, संशोधन संस्थांत सामावले जातात. ज्याला आकड्यांचा मनापासून कंटाळा आहे, त्याला मात्र केवळ हवामान बदलाच्या आस्थेपोटी इकडे ढकलू नये. त्या आस्थेसाठी पत्रकारिता, अध्यापन, संघटन अशा अनेक चांगल्या वाटा आहेत.

कल तपासण्यासाठी शिकवणी वर्गाची गरज नाही. महावितरणच्या वीजदर याचिकेचा मराठी सारांश कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, आयोगाचे आदेशही त्याच्या संकेतस्थळावर खुले असतात आणि याचिकेवर सूचना-हरकत नोंदवण्याचा अधिकार प्रत्येक वीजग्राहकाला आहे. बारावीच्या सुट्टीत घरचे बिल शेजारी ठेवून तो सारांश वाचून पाहावा. त्यातला दर कसा ठरला, हे शोधताना संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही, तर या क्षेत्राचा विचार जरूर करावा.