घरांतील जलोद्यान

कांचेच्या पेटींत हिरवीं पानें डोलत आहेत आणि त्यांच्यामधून लहान लहान मासे ये-जा करीत आहेत, हें दृश्य तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तें पाहून 'आपल्याही घरीं असें असावें' असें वाटणें साहजिक आहे. पुष्कळ जण हौसेनें बाजारांत जातात, पेटी आणतात, त्याच दिवशीं मासेही आणतात. आणि आठ-पंधरा दिवसांत ती पेटी रिकामी होऊन माळ्यावर जाते. असें कां होतें व तें कसें टाळावें, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलों आहें, म्हणून ती चूकच प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या प्रदर्शनासाठीं मीं विज्ञानाच्या वर्गांत एक पेटी मांडली. वाळू धुऊन घातली, एक दिवस ठेवलेलें नळाचें पाणी भरलें, आणि दुसऱ्याच दिवशीं बारा मासे सोडले. प्रदर्शनाच्या दिवशीं पेटीभोंवतीं मुलांची गर्दी लोटली. चौथ्या दिवशीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले, आणि सहाव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों नऊ मासे मेलेले! सातवींतील एका मुलानें मला विचारलें, "सर, पाणी तर आरशासारखें स्वच्छ आहे, मग मासे कशानें मेले?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. परंतु 'ठाऊक नाहीं' असें म्हणण्याचें धैर्यही मला झालें नाहीं. "दुकानदारानेंच रोगट मासे दिले असतील," असें सांगून मीं वेळ मारून नेली. मुलगा गप्प बसला. पण त्याचें समाधान झालें नाहीं, हें मला दिसत होतें. पुढें पुस्तकें पाहिलीं, जाणत्यांस विचारलें, तेव्हां कळलें कीं दुकानदार बिचारा निर्दोष होता. मासे मीं मारले होते.

स्वच्छ पाणी व निर्मळ पाणी.— डोळ्यांना स्वच्छ दिसणारें पाणी निर्मळ असतेंच असें नाहीं. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचा पदार्थ सतत बाहेर टाकतो. त्याची विष्ठा व उरलेलें अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याला रंग नाहीं, म्हणून तो दिसत नाहीं. परंतु माशाचे नाजूक कल्ले तो भाजून काढतो. नदींत किंवा तळ्यांत असें कां होत नाहीं? कारण तेथें वाळूवर, दगडांवर व पानांवर असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. त्यांतील एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. हेंही विषच, त्यामुळें माशाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नष्ट होते. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य, आणि वनस्पतींचें तर तें अन्नच. हीं दोन कामें वेगवेगळ्या जातींचे सूक्ष्म जंतु करतात, हें रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास दाखवून दिलें. नव्या पेटींत हे जंतु जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मीं मात्र एक दिवसही थांबलों नव्हतों.

वनस्पतींचें कार्य.— १७७९ सालीं यान इंगेनहाउझ ह्या शास्त्रज्ञानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यांत बुडालेल्या हिरव्या पानांवर सूर्यप्रकाशांत बुडबुडे येतात व अंधारांत येत नाहींत, असें त्याला आढळलें. ते बुडबुडे प्राणवायूचे. पुढें लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें एका पात्रांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति एकत्र ठेवली. कांहीं दिवसांनीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें; तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी त्यांत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं व पाणी पुन्हा चांगलें झालें. हा प्रयोग त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केला. मासा, वनस्पति व गोगलगाय हीं एकमेकांच्या आधारानें कशीं जगतात, हें त्या एका पात्रानें जगाला शिकविलें. आपलें जलोद्यान म्हणजे त्याच प्रयोगाची आवृत्ति होय.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

पेटी व जागा.— पाणी जितकें थोडें तितकें तें लवकर बिघडतें, म्हणून गोल लहान भांडें घेऊं नये. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० व उंची ३० अशी पेटी आरंभास चांगली. गणित करून पाहा: ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, अर्थात् ५४ लिटर. वाळू व वरची मोकळी जागा वजा केल्यास प्रत्यक्ष पाणी सुमारें ४० लिटर राहतें. पाणी, वाळू, दगड व कांच मिळून वजन ६५ ते ७० किलोच्या घरांत जातें. म्हणून डळमळीत स्टुलावर ती कधींही ठेवूं नये. भक्कम व सपाट मेज पाहावें आणि पेटीखालीं थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा. ऊन थेट पडेल अशा खिडकींत पेटी ठेवल्यास पाणी तापतें व हिरवें शेवाळ माजतें. विजेच्या तारेला खोबणीच्या खालपर्यंत झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी खोबणींत न शिरतां खालीं ठिबकेल. आणि बटण बंद केल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. हें काम वडील मंडळींच्या देखरेखीखालींच करावें.

वाळू व दगड.— दोन-तीन मिलिमीटर दाण्याची नदीची जाड वाळू घेऊन, वरचें पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी. ती पुढें चार सेंटिमीटर व मागें सात सेंटिमीटर अशी उतरती पसरावी. शिंपले, प्रवाळ किंवा संगमरवराचे तुकडे घालूं नयेत; त्यांतील चुन्यानें पाणी जड होतें. दगडाबद्दल शंका आल्यास त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड बाजूस ठेवावा. लांकडाचा ओंडका घालावयाचा असल्यास तो आधीं उकळून, बुडूं लागेपर्यंत भिजत ठेवावा.

लागवड.— पेटींत चतुर्थांश पाणी असतांना रोपें लावणें सोपें जातें. पाणी ओततांना वाळूवर एक बशी ठेवून तीवर धार धरावी, म्हणजे खळगा पडत नाहीं. मागच्या बाजूस फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया व उंच वाढणारी हायड्रिला लावावी, मध्यभागीं क्रिप्टोकोरिन, पुढील जागा माशांना फिरण्यास मोकळी सोडावी. मुळें वाळूंत, परंतु जेथून पानें फुटतात तो गड्डा वाळूच्या वर, हा नियम लक्षांत ठेवावा. अनुबियास व जावा फर्न ह्यांचें आडवें खोड वाळूंत पुरल्यास कुजतें. त्यांना दोऱ्यानें लांकडास बांधावें. दिवा रोज सहा ते आठ तास, ठराविक वेळींच लावावा. अधिक प्रकाशानें झाडें दुप्पट वाढतील ही कल्पना चुकीची. वाढतें तें शेवाळ.

नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. पाणी उघड्या बादलींत २४ तास ठेवल्यास तो बहुतांशीं उडून जातो. परंतु जेथें क्लोरामीन वापरतात तेथें तें नाहींसें करणारें औषध घालावें लागतें. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. हा स्पंज जंतूंचें मुख्य वसतिस्थान असल्यामुळें तो नळाखालीं कधींही धुऊं नये. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा.

प्रतीक्षा.— सर्वांत कठीण पायरी हीच. पेटी सजली, झाडें लागलीं, आणि आंत एकही मासा नाहीं! तरीही थांबावें. रोज चिमूटभर माशांचें अन्न पाण्यांत टाकावें. तें कुजून अमोनिया होईल व त्यावर जंतु पोसतील. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब बाजारांत मिळतात. अमोनिया प्रथम चढतो व मग उतरतो; त्यामागून नायट्राइट चढतें व तेंही उतरतें. रोज अन्न टाकूनही दोन्ही शून्यावर राहूं लागलीं, म्हणजे पेटी सिद्ध झाली असें समजावें. मग अर्धेंअधिक पाणी बदलून मासे आणावे.

मासे.— ह्या पेटीस सात-आठ झेब्रा मासे पुरे. हा आपल्याच उपखंडांतील मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. तो काटक असून कळपानें राहतो, म्हणून एक-दोन आणूं नयेत. पिशवी वीस मिनिटें पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवून, पेटींतील थोडें थोडें पाणी तींत मिसळून, मग मासे अलगद सोडावे. अन्न दिवसांतून एकदांच, दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. उपाशी राहून मरणाऱ्या माशांपेक्षां अति प्रेमानें मरणारे मासे फार. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. रात्रीं वनस्पतीही प्राणवायु घेतात, आणि पाणी जितकें गरम तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. २५ अंशांच्या पाण्यांत तो लिटरमागें केवळ ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून उन्हाळ्यांत पंप रात्रभर चालूं द्यावा.

एक सूचना.— सह्याद्रींतील ओढ्यांतून व सड्यांवरून दुर्मिळ रोपें उपटून आणूं नयेत. कासच्या पठारावरील वायतुरा ही पाणवनस्पति सातारा परिसराबाहेर क्वचितच आढळते; ती तेथेंच शोभते. केरळांतील डेनिसन बार्ब हा सुंदर मासा हौशी लोकांसाठीं बेसुमार पकडला गेल्यामुळें संकटांत आला आहे. तसेंच पेटींतील नकोसे झालेले मासे किंवा झाडें नदींत सोडूं नयेत. परदेशी सकर मासा अशा रीतीनेंच आपल्या अनेक नद्यांत शिरून मूळच्या माशांना जड झाला आहे.

आतां राहिलेली हकीकत सांगून लेख संपवितों. कारण समजल्यावर दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत उभा राहून सांगितलें, "मुलांनो, त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर खोटें होतें. दुकानदाराचा दोष नव्हता. माझी घाई नडली." नंतर दुकानदाराकडे जाऊनही तेंच सांगितलें. मग आम्हीं पेटी पुन्हा मांडली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाकडे नोंदवही दिली. तो रोज मधल्या सुटींत थेंब घालून रंग पाही व आंकडा लिही. दुसऱ्या आठवड्यांत अमोनिया चढला, तेव्हां त्यानें वहीमध्यें लिहिलें, 'पाणी स्वच्छ दिसतें, पण विषारी आहे.' पांचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही आंकडे शून्य झाले. त्यानंतर सोडलेल्या आठ माशांपैकीं वर्षअखेर सात जिवंत होते.

पालकांस एक विनंति. मुलांनीं पेटी मागितल्यास अवश्य द्यावी. परंतु 'मासे आजच हवेत' हा हट्ट पुरवूं नये. तो महिनाभर रिकाम्या पाण्याकडे पाहत बसण्यांत मुलाला जें शिकावयास मिळतें, तें मी वर्गांत फळ्यावर लिहून देऊं शकत नाहीं. आणि त्यानें असा कांहीं प्रश्न विचारला कीं ज्याचें उत्तर आपणांस येत नाहीं, तर 'मला ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं,' असें नि:संकोच म्हणावें. तें न म्हटल्याची किंमत आमच्या वर्गांत नऊ माशांनीं नव्हे, तर एका मुलाच्या विश्वासानें दिली जाणार होती. ती वेळेवर टळली, हेंच माझें भाग्य.