‘नाहीतर’मध्ये दडलेलं तर्कशास्त्र

बारावीच्या गणितात तर्कशास्त्र आलं की मुलं सत्यता सारणी पाठ करतात. पण हे तर्कशास्त्र आपण घरात रोज बोलत असतो. ही वाक्यं पाहा.

१) गृहपाठ झाला नसेल, तर खेळ बंद.
२) खेळ चालू असेल, तर गृहपाठ झालेला आहे.
३) गृहपाठ झालेला आहे, किंवा खेळ बंद आहे. (बोलताना आपण म्हणतो, “गृहपाठ कर, नाहीतर खेळ बंद!”)

आता एकूण चार शक्यता तपासा. गृहपाठ झाला नाही आणि तरी खेळ चालू आहे, एवढ्या एकाच वेळी ही वाक्यं खोटी ठरतात, आणि तिन्ही एकदमच. उरलेल्या तिन्ही शक्यतांत तिन्ही खरी. म्हणून ती सममूल्य विधानं.

आता चौथं वाक्य: “गृहपाठ झाला, तर खेळायला मिळेल.” हेही तेच वाटतं ना? समजा, गृहपाठ झाला, पण पाऊस आला म्हणून खेळ बंद. पहिली तिन्ही वाक्यं खरीच राहतात, चौथं मात्र खोटं पडतं. चौथं हे दुसऱ्याचा व्यत्यास आहे, सममूल्य नाही. आपण पहिलं बोलतो, मूल चौथं ऐकतं आणि म्हणतं, “तुम्ही कबूल केलं होतं!” मूल खोटं बोलत नसतं. वचन द्यायचं असेल तर चौथं वाक्यच स्पष्ट बोला.

भूमितीतही हेच. चौरस असेल तर चारही कोन काटकोन. पण चारही कोन काटकोन म्हणून चौरसच असं नाही, आयतही असू शकतो. मात्र एखादा कोन काटकोन नसेल, तर तो चौरस नाही, हे नक्की.

आता नकार. “वही आणि पुस्तक आणलंय” हे खोटं निघालं, तर अर्थ काय? वही नाही किंवा पुस्तक नाही, कदाचित दोन्ही नाहीत. ‘काहीच आणलं नाही’ असा अर्थ होत नाही! नकार आत गेला की ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, ‘किंवा’चं ‘आणि’. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईत जन्मले.

वर्गात करून बघा: मुलांना घरातलं एक ‘नाहीतर’चं वाक्य आणायला सांगा, त्याची तीन रूपं लिहून घ्या आणि चारही शक्यता तपासा. सारणी मग पाठ करावी लागत नाही.