गाडीची जागा, आत्यांची खोली

बेळगावात हिंदवाडी, टिळकवाडी, भाग्यनगर या भागांत जुन्या वाड्यांनंतर जी घरं उभी राहिली, त्यांतली पुष्कळ एकाच नमुन्याची आहेत. रस्त्याकडे गॅरेज, मागे हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या सगळ्या वर. आमचं घरही तसंच. मांडीचं हाड मोडल्यावर सासूबाई निपाणीहून कायमच्या आमच्याकडे आल्या आणि वरच्या मजल्यावरची एकही खोली त्यांच्या उपयोगाची उरली नाही. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांच्यासाठी गॅरेजची खोली केली. त्याआधी निपाणीत मामंजींनी, म्हणजे आत्यांच्या धाकट्या भावांनी, घरामागच्या तंबाखूच्या वखारीतून राहत्या खोल्या काढल्या होत्या. तेही काम मी जवळून पाहिलं होतं. आता गल्लीतल्या बायका खोली बघायला येतात, कारण बहुतेक घरांत कुणी ना कुणी जिना चढायचं थांबलेलं असतं. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

1. ज्या माणसासाठी खोली, त्याला सगळ्यात आधी विचारावं.

बेत सांगितल्यावर आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाडीच्या जागी मला ठेवतासा काय?" त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हातारीला गॅरेजात टाकली, असं म्हणायला पाहुणे मागेपुढे बघत नाहीत. यजमानांनी त्यांना निपाणीच्या जुन्या घराची आठवण करून दिली. तिथं पुढच्या सोप्यात आत्यांचे वडील बसायचे, झोपायचे. येणारा-जाणारा आधी त्यांना भेटायचा आणि मग माजघरात यायचा. रस्त्यालगतची ती जागा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची होती. बंगले आले, सोपा गेला आणि ती जागा आपण गाडीला दिली. मला हा बदल मुळातच चुकीचा वाटतो. आत्या तयार झाल्या, पण एका अटीवर: खोलीतून घरात यायला आतलं दार पाहिजे, बाहेरून वळसा घालून मी स्वयंपाकघरात येणार नाही. त्या अटीनं खोलीचा पुढचा सगळा आराखडा ठरला.

आतलं दार नसेल तर ती खोली घराचा भाग होत नाही. रात्री हाक ऐकू येत नाही, जेवणाचं ताट अंगणातून न्यावं लागतं आणि माणूस हळूहळू वेगळं पडतं. आमची मधली भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, वरचं वजन पेलणारी. अशा भिंतीत दार काढताना स्लॅबला टेकू द्यायचे, आधी वर लिंटल बसवायचं, ते पक्कं होऊ द्यायचं आणि मग खालचे चिरे काढायचे. मेस्त्री घाई करत असला तरी इथं ऐकू नये. इंजिनिअरला समोर उभं करूनच हे काम करावं.

2. रंग, फरशी, पडदे यांचा विचार शेवटी. पहिला प्रश्न संडासाच्या पाण्याचा.

हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण खोली होणार की नाही हे यावरच ठरतं. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठून चार पावलांवर संडास लागतो. गॅरेज घराच्या पुढच्या टोकाला आणि जुन्या घरांची सेप्टिक टँक मागच्या परड्यात. चार इंची पाइपला साधारण चाळीसास एक असा उतार लागतो, म्हणजे चाळीस फूट लांबीला एक फूट. मागची टाकी जमिनीत फार खोल नसेल तर तेवढा उतार मिळवायला गॅरेजची जमीनच उचलावी लागते, आणि जमीन उचलली की डोक्यावरची उंची कमी होते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीला किमान 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी, गॅरेजला 2.4 मीटर चालते. तेव्हा आठ फुटी गॅरेज असेल तर ते काम तिथंच थांबवणं शहाणपणाचं. आमचं साडेदहा फूट होतं, म्हणून वाव मिळाला.

आमच्या रस्त्यावर महापालिकेची भुयारी ड्रेनेज लाइन घर बांधल्यानंतर आली होती. नवा संडास मागे न नेता पुढेच त्या लाइनला जोडला. अंतर पंधरा फुटांच्या आसपास, त्यामुळे साडेचार इंचांच्या उतारात भागलं. ज्यांच्या दारात अशी लाइन आहे त्यांनी आधी तिच्या चेंबरची खोली मोजून घ्यावी. आणखी एक गोष्ट न चुकता करावी. तळमजल्याच्या जोडणीवर पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरानं बेळगावात जे झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना कारण सांगायला नको. नाले भरले की ड्रेनेजचं पाणी सगळ्यात खालच्या संडासातून घरात येतं.

न्हाणी आणि संडास मिळून पाच फूट बाय सात फूट जागा दिली. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं. आत माणूस पडलं तर आत ढकलायचं दार उघडत नाही. भिंतीत धरायला स्टीलच्या दांड्या, फरशी खरखरीत, मध्ये उंबरा नाही. एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा इथंच गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला.

3. गॅरेजची जमीन उतरती असते.

गाडी धुतल्यावर पाणी गेटकडे वाहावं म्हणून ती तशी केलेली असते. शिवाय हॉलपेक्षा फूटभर खाली. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला उतार आणि पायरी दोन्ही धोक्याचे. आम्ही जमीन हॉलच्या पातळीला आणली. मुरूम एकदम ओतून वर फरशी लावली तर दोन पावसाळ्यांत ती खचते. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, त्यावर दगडाचं सोलिंग, जाड प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट. तो प्लास्टिकचा कागद स्वस्त असतो आणि तोच नेमका गाळला जातो. बेळगावात वर्षाला 1200 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर जमिनीखालची ओल वर चढत राहते आणि गॅरेज बांधताना तिला अडवायचा विचार कुणी केलेला नसतो.

ज्यांना जमीन उचलायची नाही त्यांनी निदान तेलाचे डाग असलेलं काँक्रीट छिन्नीनं खरवडून काढावं. इंजिनचं तेल मुरलेल्या जागेवर फरशी धरत नाही.

बाहेर मात्र उंची वाढली, म्हणून उतरण नव्यानं करावी लागली. चाकाच्या खुर्चीला बारा फुटांना एक फूट हा उतार ठीक. आमचं जोतं रस्त्यापासून दीड फूट, म्हणजे अठरा फुटांची उतरण. एवढी सरळ जागा अंगणात नव्हती. मध्ये सपाट टप्पा देऊन काटकोनात वळवली.

4. शटर काढून भिंत बांधताना खाली पाया आहे का ते बघा.

शटरच्या वर लिंटल असतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण शटरच्या खाली नुसती जमीन असते, पाया नसतो. त्या जमिनीवर थेट विटांची भिंत उभी केली की दोन्ही बाजूंच्या सांध्यात चिरा पडतात. निपाणी, चिक्कोडीकडची काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथं हा धोका दुप्पट. चर खणून पाया घालावा, भिंत अर्धीच ठेवावी आणि वर मोठी खिडकी घ्यावी. वजन कमी होतं आणि उजेड मिळतो.

5. खिडकीत काटकसर नको.

हवेच्या वाटांसाठी इमारत संहिता उष्ण-दमट प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा सांगते. बेळगाव तितकं उष्ण नाही, पण पावसाळ्यातला दमटपणा आहेच, म्हणून मी तेच प्रमाण धरलं. दहा बाय अठराच्या गॅरेजला तीस चौरस फूट. शटरच्या जागी सहा बाय चारची खिडकी, बाजूच्या भिंतीत तीन बाय दोनची दुसरी. समोरासमोर नसल्या तरी दोन वेगवेगळ्या भिंतींत असल्या की वारा फिरतो. गॅरेजचा कोंदट वास दोन खिडक्यांनीच जातो, उदबत्तीनं जात नाही. पश्चिमेकडून झड येते, त्या बाजूला चांगला दोन फुटांचा छज्जा हवा. मोठ्या खिडकीची तळकड अडीच फुटांवर ठेवली, म्हणजे आत्यांना पलंगावर बसून रस्ता दिसतो. दूधवाला, भाजीवाली, शाळेची मुलं, सगळ्यांशी त्यांचं बोलणं सुरू झालं. हाड मोडल्यापासून त्या इतकं बोलल्या नव्हत्या.

6. जुन्या वापराचा वास भिंतीत राहतो.

हे निपाणीनं शिकवलं. ते गाव विडीच्या तंबाखूची पेठ. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली, ते हेच निपाणी. घराला लागून वखार असणं तिथं नेहमीचं. मामंजींच्या वखारीत वर्षानुवर्षं तंबाखूची बोदं रचलेली. रिकामी झाल्यावर झाडली, धुतली, चुना दिला. पहिल्या पावसात भिंतींवर पिवळे डाग उमटले आणि वास परत आला. मामींना खोकला लागला. शेवटी सगळा जुना गिलावा दगडापर्यंत उतरवून नवा करावा लागला, तेव्हा खोली राहण्याजोगी झाली. गॅरेजचंही तसंच समजावं. पेट्रोल, तेल, जुने टायर जिथं ठेवले असतील तिथला खालचा तीन-चार फुटांचा गिलावा काढूनच टाकावा. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्याला भोकं पाडणं, कापणं टाळावं. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

7. विजेची वेगळी लाइन.

गॅरेजात बहुधा एक दिवा आणि एक साधा प्लग असतो. गीझर त्यावर चालवणं म्हणजे आग बोलावणं. मुख्य बोर्डापासून नवी तार, 16 अँपिअरचा पॉइंट आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच, एवढं हवंच. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला यावं.

हिशोबाची एक गोष्ट. 2023 पासून कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत घरगुती वीज 200 युनिटपर्यंत मोफत आहे, तीही आपल्या आधीच्या सरासरीवर दहा टक्के धरून. 200 च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. नव्या खोलीत गीझर आणि हीटर आले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. पाणी तापवायला सौर पॅनेल परवडतं का ते आधीच बघावं.

8. परवानगीसाठी कोल्हापूरच्या पाहुण्यांचा सल्ला चालत नाही.

निपाणी ते कोल्हापूर चाळीस किलोमीटर. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं तिकडं, त्यामुळे सल्लाही तिकडूनच येतो. महाराष्ट्रात 2020 पासून एकत्रित बांधकाम नियमावली आहे. ती सीमेवरच्या कागलच्या अलीकडे, म्हणजे आपल्याकडे कर्नाटकात, लागू नाही. बेळगावला कर्नाटक महानगरपालिका कायदा 1976 चा, निपाणीला नगरपालिकांचा 1964 चा. मंजूर नकाशात जी जागा पार्किंग म्हणून दाखवली आहे तिची खोली करणं हा नकाशातला बदल आहे. त्याला दुरुस्त नकाशा आणि मंजुरी लागते, आणि पुढे घरपट्टीच्या स्वयंघोषणेत, ई-खात्यात तोच वापर दिसला पाहिजे. नाहीतर घर विकताना किंवा कर्ज काढताना अडचण उभी राहते. अर्ज कन्नडमध्ये असतात. ओळ न् ओळ कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंनी ते काम आनंदानं केलं.

9. गाडी कुठं जाणार, हे भिंत फोडण्याआधी ठरवा.

आम्ही मोठी गाडी विकून लहान घेतली आणि ती अंगणात, उतरणीच्या बाजूला राहते. रस्त्यावर लावून शेजाऱ्यांची वाट अडवायची आणि आत आपली खोली सजवायची, हे मला पटत नाही. बाजूची मोकळी सोडायची जागा पत्रा टाकून बंद करणंही बरोबर नाही; आग लागली तर बंब तिथूनच येणार.

10. सामान त्यांचं असू द्या.

नवा पलंग, नवं कपाट आणायचा मोह होतो. आत्यांनी निपाणीहून आपली शिसवी पेटी, देव्हारा आणि जुनी खुर्ची मागवली. मापं घेऊन त्या वस्तूंसाठी जागा ठेवली. आता त्या संध्याकाळी काठी टेकत आतल्या दारानं स्वयंपाकघरात येतात आणि भाजी निवडतात.

जे आज बेळगाव-निपाणीकडे नवं घर बांधत आहेत त्यांना माझी विनंती आहे. नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला तीन गोष्टी आत्ताच सांगून ठेवा: गॅरेजची उंची साडेदहा फुटांखाली नको, शटरच्या खाली पाया हवा आणि ड्रेनेजच्या लाइनपर्यंत एक चार इंची पाइप जमिनीखालून टाकून तोंड बंद करून ठेवायचा. बांधकाम चालू असताना याला फार खर्च येत नाही.