उतरण : जोर आणि अंतर यांचा हिशेब

नागपूरच्या रामदासपेठेत रुग्णालये पुष्कळ आहेत. चाकांच्या खाटेवरील रुग्णास पायऱ्यांवरून उचलून नेण्यापेक्षा उतरणीवरून ढकलून नेणे सोपे जाते. उतरणीने कार्य कमी होत नाही. लागणारा जोर घटतो व त्याच्या मोबदल्यात अंतर वाढते.

समजा, चाकांची खुर्ची व तीत बसलेले मूल यांचे वजन ६० किलोग्रॅम असून शाळेचा ओटा ३० सेंटिमीटर उंच आहे. उतरण ३६० सेंटिमीटर लांब असल्यास, घर्षण सोडून, ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. ती १२० सेंटिमीटरच असल्यास १५ किलोग्रॅमइतका लागतो.

शिक्षकांनी खेळगाडीत दगड भरून ती ताणकाट्याने प्रथम सरळ उचलावी, नंतर कमीअधिक कललेल्या फळीवरून ओढावी व आकडे फळ्यावर मांडावेत. काटा हिशेबाहून थोडे अधिक दाखवील. ते घर्षणामुळे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत अडथळाविरहित प्रवेश आवश्यक ठरविला आहे. म्हणून शेवटी मुलांनी आपल्या शाळेची उतरण मोजावी. लांबी उंचीच्या निदान बारापट नसेल, तर उतरण असूनही एखादे मूल दाराबाहेरच राहील.