गप्प बसलेला कंडेन्सर

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढलास, छान केलंस. आता कृपा करून तो प्लगला लावू नकोस. ‘चालतोय का तेवढं बघतो’ म्हणत लोक पिन खोचतात आणि चाळीस वर्षं निजलेला सेट पाच मिनिटांत जाळून ठेवतात. आमचे वस्ताद अशा गिऱ्हाइकाला आधी चहा पाजायचे आणि मग हळूच विचारायचे, “लावून बघितलात ना?” गिऱ्हाईक कपात बघत बसायचं.

मागचं कव्हर उघड. झुरळांची अंडी, उंदरांनी कुरतडलेली वायर, जाळीजळमटं हे सगळं मऊ ब्रशने काढ. मग व्हॉल्व्हवरची नावं वाच. ती ‘यू’ने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच४२, यूएल४१, यूवाय४१ अशी, तर तो बहुधा एसी-डीसी सेट. अशा सेटमध्ये मेन्सची एक वायर थेट चासीवर येते. पिन उलटी बसली की अख्खी चासी करंट मारते आणि नॉबचा बारीक स्क्रूसुद्धा. म्हणून त्या स्क्रूच्या भोकात मेण भरलेलं असायचं. ते उकरलंस तर काम संपल्यावर परत भर.

आता कंडेन्सर. तू त्याला कपॅसिटर म्हण, पण बाजारात जुना माणूस कंडेन्सरच म्हणेल. नवशिका सगळ्यात आधी उभा ॲल्युमिनियमचा डबा बदलतो, कारण तोच आवाज करतो. आतलं रसायन वाळलं की फिल्टर होत नाही आणि स्पीकर घुमत राहतो. एसी-डीसी सेट ५० हर्ट्झने घुमतो, ट्रान्सफॉर्मरवाला सहसा १०० हर्ट्झने. कान तयार झाला की नुसत्या घुमण्यावरून सेट कुठला ते कळतं. डबा बदलायला हवाच. पण मारेकरी हा नव्हे. मारेकरी बोटाएवढा, मेणात बुडवलेला, कागदी असतो आणि तो चकार शब्द काढत नाही.

माझंच सांगतो. दुकानात बसायला लागून वर्षही झालं नव्हतं. कोकणातून एक सेट आला, नुसता घुमत होता. मी डबा बदलला, घुमणं थांबलं, सेट गोड वाजू लागला. पैसे घेतले, सेट दिला. आठवड्याने तो परत आला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळलेला. वस्तादांनी चासी उलटी केली आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला लागलेल्या चिमुकल्या कंडेन्सरवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठेवली. “याला विचारलं होतंस?” मी विचारलं नव्हतं.

त्याचं काम असं. अलीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर ७०–८० व्होल्ट डीसी असतो. तो पलीकडे जाऊ न देता फक्त आवाज पुढे सोडायचा. कोकणातल्या दमट हवेत मेणाला तडे जातात, कागद ओल धरतो आणि दोन-चार व्होल्ट पलीकडे झिरपतात. तेवढे पुरतात. ग्रिड पॉझिटिव्ह होते, ईएल८४ सारखा व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, प्लेट लाल होते, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो. गाणं मात्र शेवटपर्यंत चालू असतं! ही गळती साध्या मीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही. मीटरची बॅटरी जेमतेम काही व्होल्टची, ती या कागदाला घाम फोडू शकत नाही. खरी परीक्षा चालू सेटवर होते. डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर ठेव आणि व्हॉल्व्ह तापल्यावर ग्रिड बघ. शून्य किंवा किंचित मायनस हवं. प्लस दिसलं तर सेट बंद कर, कंडेन्सरचं एक टोक सोडव, पुन्हा बघ. प्लस गेलं तर दोष कंडेन्सरचा, राहिलं तर व्हॉल्व्हचा. मी स्वतः हा कंडेन्सर न तपासताच बदलतो. नवा किती रुपयांचा, आणि ट्रान्सफॉर्मर आता गुंडाळून देणारा कुठे शोधणार?

बाकीचे मेणाचे कागदीही सगळे काढ, पण एका वेळी एकच. जुना काढला, नवा डागला, मग पुढचा. ०.०५ असेल तिथे ०.०४७ घाल, ०.०२ ऐवजी ०.०२२. पॉलिएस्टरचे, ६३० व्होल्टचे घे. मेन्सवर आडवा बसवलेला असेल त्या जागी मात्र एक्स-२ छापलेलाच लाव. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नकोस. आयएफच्या डब्यांतले स्क्रूही फिरवायचे नाहीत, कितीही खाज सुटली तरी.

डब्याच्या जागी नवा लावताना जुन्याची वायर सोडव, नाहीतर मेलेला नव्याच्या गळ्यात राहतो. डबा शोभेला तसाच उभा राहू दे. त्याच्याखाली फायबरची चकती असली तर त्याचं निगेटिव्ह बहुतेक चासीवर नाही. जुनं जिथे होतं तिथेच नवं जोड. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या लगेच पुढचा कंडेन्सर ‘जास्त तेवढा बरा’ म्हणून वाढवू नकोस. ईझेड८० ला ५० मायक्रोफॅरडच्या वर सोसत नाही. आणि प्रत्येक वेळी हात घालण्याआधी पिन काढून १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने डबा रिकामा कर. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं हा तमाशा झाला.

पहिल्यांदा लावशील ते ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमधून. एलईडीचा इथे उपयोग नाही, फिलामेंटचाच शोध. बल्ब भगभगून मंदावला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर पिन काढ, कुठेतरी शॉर्ट आहे.

सगळं झालं की काय काय बदललंस ते कागदावर तारखेसकट लिही आणि मागच्या कव्हरला आतून चिकटव. तुझ्या या सेटमध्येही बघ, डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं असेल. ते अक्षर माझं आहे.